पायापासून जावा

जावा भाषेत लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, हे ती भाषा शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच कळून चुकते. त्या प्रोग्रामचे रूपांतर प्रथम बाइटकोडमध्ये होते, त्या बाइटकोडचा अर्थ लावून प्रोसेसरला कळतील असे हुकूम देणारा जावा व्हर्च्युअल मशीन नावाचा मध्यस्थ लागतो, आणि हा मध्यस्थ स्वतः विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आश्रयाला असून मेमरी, डिस्क, पडदा यांपैकी प्रत्येक गोष्ट तिच्याकडे मागून घेत असतो. मग ती ऑपरेटिंग सिस्टिमच जावात लिहावयाची ठरवली, तर तिने आश्रय कोणाचा घ्यावयाचा?

जावा जन्माला घालणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती भाषा १९९५ मध्ये लोकांपुढे आणली आणि पुढच्याच वर्षी जावास्टेशन या आपल्या लहान संगणकासाठी जावाओएस नावाची प्रणाली जाहीर केली. परंतु ही प्रणाली कंपनीच्या खासगी मालकीची असल्यामुळे, काही वर्षांतच कंपनीचा उत्साह ओसरला तेव्हा तिचा कारभार पुढे चालवण्याची मुभा बाहेरच्या कोणालाच नव्हती. जर्मनीतील एर्लांगेनच्या विद्यापीठात जेएक्स नावाची प्रणाली सिद्ध झाली आणि २००२ साली तिच्या कर्त्यांनी तिची कैफियत विद्वत्परिषदेपुढे मांडली; तिच्याही मुळाशी मात्र सी भाषेतला एक लहान गाभा होता. तेवढीही सवलत न घेणारी प्रणाली म्हणजे जेनोड. एवाउट प्रांगस्मा या डच प्रोग्रामरने आपल्या आधीच्या प्रयोगांतून ती घडवली आणि २००३ साली ओपन सोर्स म्हणून सर्वांच्या हवाली केली. तिच्यात सी भाषेची एक ओळ नाही. प्रोसेसरला कामास लावण्यापुरती थोडी असेंब्ली, आणि वरचा सारा डोलारा जावाचा.

आरंभीच्या कोड्याची तिने केलेली उकल मला फार सुंदर वाटते. दुसऱ्या एखाद्या संगणकावर, जिथे जावा आधीच चालू आहे, तिथे जेनोडचा बांधणी करणारा प्रोग्राम चालवतात. तो जेनोडचे आवश्यक तेवढे क्लास मेमरीत घेतो, जेनोडच्याच कंपायलरकडून, जो स्वतःही जावातच लिहिलेला आहे, त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करवतो, आणि मग त्या क्लासमधील प्रत्येक ऑब्जेक्ट नव्या यंत्राच्या मेमरीत ज्या पत्त्यावर असावयास हवा, त्याच पत्त्याच्या हिशेबाने सारे काही एका फाइलीत मांडून ठेवतो. पुढे ग्रबसारखा बूटलोडर ही फाइल यंत्राच्या मेमरीत जशीच्या तशी उतरवतो, असेंब्लीतील मोजके हुकूम प्रोसेसरची तयारी करतात, आणि पुढचा सारा अंमल जावाकडे जातो. तेथून पुढे लागणारे क्लास यंत्र स्वतःच कंपाइल करते.

जावात मेमरीच्या पत्त्याला थेट हात लावता येत नाही, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे तर त्यावाचून पान हलत नाही. म्हणून जेनोडमध्ये पत्ता दर्शवणारा एक विशेष क्लास ठेवला असून त्याच्या मेथड दिसावयास जावाच्या असल्या, तरी कंपायलर त्यांच्या जागी सरळ यंत्राचे हुकूम घालतो. हा अधिकार सामान्य प्रोग्रामला नाही. ड्रायव्हरलादेखील आपली पोर्टे, म्हणजे उपकरणांशी बोलण्याच्या वाटा, रिसोर्स मॅनेजरकडे रीतसर अर्ज करून मिळवावी लागतात, आणि ती दुसऱ्याच्या ताब्यात असतील तर अर्ज फेटाळला जातो. याहून बिकट प्रश्न गार्बेज कलेक्टरचा. टाकून दिलेली मेमरी गोळा करणारा हा भागही जावातच लिहिलेला असल्यामुळे, काम चालू असताना त्याने स्वतः नवे ऑब्जेक्ट मागितले, तर जी मेमरी संपली म्हणून तो कामाला लागला तीच तो खाऊ लागेल. ते होऊ नये म्हणून त्याची प्रत्येक ओळ जपून लिहावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? रूढ प्रणाली वाड्यातल्या बिऱ्हाडांप्रमाणे प्रत्येक प्रोग्रामभोवती हार्डवेअरची भिंत उभारते, आणि ती ओलांडून प्रत्येक वेळी कर्नलकडे जाण्यास काही वेळ मोजावा लागतो. जेनोडमध्ये सारे प्रोग्राम एकाच पत्त्यांच्या प्रदेशात राहतात, कारण ॲरेच्या मर्यादेबाहेर वाचण्यास किंवा एका प्रकारचे ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रकारचे म्हणून वापरण्यास जावा मुळातच मज्जाव करते. एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरणाऱ्या, १९८८ सालच्या मॉरिस वर्म या प्रोग्रामने युनिक्सच्या एका सेवेत शिरताना सी प्रोग्राममधील ॲरेच्या मर्यादेबाहेर लिहिण्याचीच वाट वापरली होती. ती वाट भाषेनेच बंद करावी, हा विचार मला आजही पटतो. त्याला मोठी हरकत आहे ती एवढीच की अशा प्रणालीत सारा भरवसा कंपायलरवर येऊन पडतो, आणि २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या स्पेक्टर दोषाने दाखवून दिले की प्रोसेसर स्वतःच पुढचे काम अंदाजाने करून ठेवत असताना भाषेने घातलेली मर्यादा हुकवली जाऊ शकते. तेव्हा हार्डवेअरच्या भिंती पार पाडून टाकाव्यात, असे म्हणणे आज धाडसाचे होईल.

मुक्त परवान्याचा लाभ दोन्ही बाजूंनी झाला. जावाचे वर्गसंग्रह प्रारंभी ग्नू क्लासपाथ या मुक्त प्रकल्पाकडून घेतले गेले, आणि २००६-०७ मध्ये सनने आपले जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुले केले तेव्हा तेही जेनोडला वापरता आले. जे उसने मिळू शकले नाही ते ड्रायव्हर. लिनक्सचे ड्रायव्हर सी भाषेतले, त्यामुळे प्रत्येक नेटवर्क कार्डासाठी आणि प्रत्येक ग्राफिक्स चिपसाठी नवे लिहावे लागत, आणि लिहिणारे हात थोडे व तेही फावल्या वेळातले. २००९ मध्ये ०.२.८ ही आवृत्ती निघाली, १.० पर्यंत मजल गेली नाही. तरीही कॉलेजात जावा शिकलेल्या मुलामुलींना मी तिचा सोर्स वाचण्याचा आग्रह करीन, कारण फाइल उघडण्याचा हुकूम आपल्या प्रोग्राममधून निघून फाइल सिस्टिममधून डिस्कच्या ड्रायव्हरपर्यंत कसा पोहोचतो, हे तिथे भाषा न बदलता ओळीओळीने पाहता येते.