मोटारसायकलला जादा दिवे जोडताना

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे केळीच्या बागांचे गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. या भागात भल्या पहाटे कामावर निघणारा आणि दिवस मावळल्यावर घरी परतणारा कष्टकरी माणूस आता सायकलवर नाही, मोटारसायकलवर असतो. बहुतेकांची गाडी हप्त्याची. शेतरस्त्याला खांबावरचा दिवा नाही, समोर कधी बैलगाडी, कधी डोक्यावर भारा घेतलेली बाई. अशा अंधारात गाडीला दोन जादा दिवे लावावेत, मोबाईलचा चार्जर बसवावा, हॉर्न जरा मोठा असावा, असे कोणालाही वाटेल. ही चैन नव्हे, गरज आहे. परंतु हे काम ज्या पद्धतीने केले जाते, ती पद्धत मात्र घातक आहे.

वाचकहो, रस्त्याकडेच्या दुकानात काय होते ते आठवून पाहा. हेडलाईटची वायर दाताने सोलायची, नवी वायर तिला पिळायची, वर टेप गुंडाळायचा, की झाले काम. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या टेपचा डिंक वितळतो, टेप सुटतो. पावसाळ्यात उघड्या जोडाला हिरवट गंज चढतो. हँडल वळले की वायर ओढली जाते, घासते आणि एक दिवस तिचे तांबे गाडीच्या लोखंडाला टेकते. यालाच आपण शॉर्ट म्हणतो. गाडीच्या बहुतेक वायरी पेट्रोलच्या टाकीखालून जातात, हे लक्षात घेतले म्हणजे धोका किती मोठा ते वेगळे सांगायला नको.

यावर उपाय स्वस्त आहे. त्याचे नाव फ्यूज. पाच-दहा रुपयांची ही वस्तू बॅटरीच्या अगदी जवळ बसवावी. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कोणतेच संरक्षण नसते. तो तुकडा जितका लहान तितके बरे. फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा तांब्याची तार कधीही घालू नये. तसे केल्यास फ्यूजऐवजी वायरच जळते.

किती अँपिअरचा फ्यूज घालावा, हा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. वॅटला व्होल्टने भागावे. आजच्या गाड्या १२ व्होल्टच्या. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट. ४० भागिले १२ म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर. त्याला ५ अँपिअरचा फ्यूज आणि १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. जुन्या राजदूतसारख्या ६ व्होल्टच्या गाडीवर हाच भार दुप्पट, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या वर जातो.

दुसरा हिशेब बॅटरीचा. लहान गाडीची बॅटरी ४ अँपिअर-अवरच्या आसपास असते. इंजिन बंद ठेवून हे दिवे चालू राहिले, तर तासाभरात ती रिकामी होते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो. म्हणजे गाडी तयार करीत असलेल्या विजेचा मोठा वाटा आधीच खर्ची पडलेला असतो. उरलेल्या विजेत बसेल तेवढेच सामान लावावे. मोबाईलचा चार्जर साधारण एक अँपिअर घेतो, तो चालतो. दिवे, दोन हॉर्न आणि रंगीत पट्ट्या एकदम लावल्या, तर ऐन कामाच्या दिवशी सेल्फ लागत नाही आणि हजेरी बुडते.

तिसरी गोष्ट रिले. दिव्याचा सगळा प्रवाह हँडलवरच्या नाजूक स्विचमधून नेला, की स्विच तापतो, वितळतो. रिले म्हणजे थोड्या प्रवाहावर चालणारा मोठा स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीची फ्यूजमधून आलेली वायर, ८७ ला दिवा, ८५ ला अर्थिंग आणि ८६ ला हँडलच्या स्विचची वायर. त्या स्विचला वीज चावीनंतरच्या वायरमधून घ्यावी, म्हणजे चावी काढली की दिवेही बंद होतात. मोठ्या हॉर्नलाही हीच जोडणी. दिव्याची अर्थिंग रंगविलेल्या चेसीला न देता बॅटरीच्या उणे टोकाला द्यावी. काम सुरू करताना आधी उणे टोक सोडावे आणि शेवटी तेच जोडावे. म्हणजे पाना लोखंडाला टेकला तरी ठिणगी पडत नाही. जोडाला डाग द्यावा किंवा थिंबल दाबून बसवावे, वर स्लीव्ह चढवावी. वायर सायलेन्सरपासून दूर बांधावी आणि हँडलजवळ थोडी सैल सोडावी.

कायद्याचेही भान हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अनेक सुरांचे व कर्कश हॉर्न लावता येत नाहीत, आणि दुचाकीच्या पुढच्या बाजूला लाल दिवा चालत नाही. जादा दिव्यांची तोंडे खाली, रस्त्याकडे वळवावीत. आपला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत गेला, तर तो आंधळा होतो आणि येऊन आपल्यावरच आदळतो. समोरून येणाराही कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस असतो.

दुकानात गेल्यावर संकोच न करता तीन प्रश्न विचारावेत : फ्यूज कुठे बसवला? रिले आहे का? जोडाला डाग दिला का? उत्तर न देणाऱ्याकडे गाडी सोडू नये. भगिनींनीही हे प्रश्न पाठ करावेत, कारण गाडी जळाली तरी हप्ता घरालाच भरावा लागतो.

आणि ज्या घरात दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी रिकामी बसली आहे, त्यांनी आयटीआयच्या २ वर्षांच्या इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करावी. गावोगाव मोटारसायकली वाढल्या आहेत. वायरिंग नीट जाणणारे हात मात्र कमी आहेत. ज्याच्या हाताला हा हिशेब येतो, त्याला काम शोधत फिरावे लागणार नाही.