घाटवळण आणि मोटारीचा मागील अ‍ॅक्सल : हेराल्ड-स्पिटफायर रचनेतील सुधारणांचा विचार

प्रस्तावना
मावळ तालुक्याच्या पश्चिम टोकास असलेल्या बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला. खोपोली ते लोणावळा या टप्प्यात रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठतो. द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तरी जुन्या घाटरस्त्याची वळणे आजही वाहनाच्या मागील सस्पेन्शनची परीक्षा घेतात. प्रस्तुत लेखात ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२) ही स्पोर्ट्‌स कार आणि तिची मूळ चौकट ज्या गाडीची, त्या हेराल्डच्या मागील सस्पेन्शनमधील दोष व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे. हेराल्ड १९६१ पासून मद्रास येथील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने भारतात तयार केली.

दोषाचे स्वरूप
या गाड्यांच्या मागील बाजूस एकच आडवा कमानपाटा असून तो डिफरन्शियलवर घट्ट बसविलेला असतो. प्रत्येक मागील चाकाचा अर्धा अ‍ॅक्सल केवळ डिफरन्शियलजवळ वळतो. त्यामुळे चाक वर-खाली होताना ते सरळ न राहता कलते. या रचनेस ‘स्विंग अ‍ॅक्सल’ म्हणतात.

वळणावर बाहेरील टायरवर जमिनीलगत आडवे बल कार्य करते, तर अ‍ॅक्सलची बिजागरी जमिनीपासून उंच असते. परिणामी हे बल गाडीचा मागील भाग वर उचलते. चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला अथवा ब्रेक दाबला की भार पुढे सरकतो, मागचा भाग आणखी उचलला जातो, बाहेरील चाक आत दुमडते आणि गाडीची मागील बाजू घसरते. उतारावर, विशेषतः पावसाळ्यात, हा धोका वाढतो.

उदाहरणार्थ, २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगास आडवे त्वरण ४ मीटर प्रति वर्गसेकंद, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ०.४ पट असते. वेग केवळ एक-पंचमांशाने वाढविल्यास ते ५.७६ होते, म्हणजे वाढ ४४ टक्के.

सुधारणेचे मार्ग
पहिला मार्ग भारतात अवलंबिला गेला. १९७२ मध्ये आलेल्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये स्विंग अ‍ॅक्सलऐवजी अखंड अ‍ॅक्सल आला. त्यामुळे मागील चाकांचा कल स्थिर राहिला. मात्र असा जड अ‍ॅक्सल खड्ड्यांचे धक्के अधिक प्रमाणात पोहोचवितो.

दुसरा मार्ग १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये दिसतो. त्यात कमानपाट्याचे एकच पाते डिफरन्शियलवर घट्ट ठेवून इतर पाती मध्यावर झुलती केली गेली. गाडी कलताना मागील भागाचा विरोध कमी झाला. ती उणीव पुढे अधिक जाड अँटी-रोल बार बसवून भरून काढण्यात आली. म्हणून केवळ मागील पाटा बदलणे ही अर्धवट सुधारणा ठरते.

तिसरा मार्ग बिजागरी खाली आणण्याचा. मर्सिडीज ३०० एसएलच्या १९५७ च्या रोडस्टरमध्ये हे तत्त्व वापरले गेले. जुन्या गाडीत मात्र त्यासाठी मूळ रचनाच बदलावी लागते.

मूळ स्वरूपाचा प्रश्न
२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पन्नास वर्षांहून जुने वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्याची चौकट, बॉडी वा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. तरच त्याची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. अखंड अ‍ॅक्सलसाठी चौकटीवर वेल्डिंग केल्यास ही पात्रता धोक्यात येऊ शकते. झुलता पाटा डिफरन्शियलवरच बसत असल्याने चौकट अबाधित राहते आणि मूळ भाग जपून ठेवल्यास बदल उलटविताही येतो.

निष्कर्ष
सुरक्षितता आणि जतन यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. सुस्थितीतील शॉकअ‍ॅब्सॉर्बर, योग्य टायर, झुलता पाटा व पुढील जाड बार हा क्रम दोन्ही हेतू साधतो. तथापि कोणतीही सुधारणा दोषाची मर्यादा केवळ दूर ढकलते. घाट उतरताना वेग वळणापूर्वीच कमी करणे हा नियम त्यानंतरही कायम राहतो.