नंबर तपासला, पडदा राहिला

चष्म्याचा नंबर वर्षातून दोन-तीनदा बदलला, की गोरेगावातला माणूस स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात जातो. मशीनवर हनुवटी टेकवायची, भिंतीवरची अक्षरे वाचायची, दोन दिवसांत नवा चष्मा तयार. महिन्याभरात तोही नीट लागेनासा झाला, की दोष दुकानदाराच्या माथी.

पुष्कळदा दोष रक्तातल्या साखरेचा असतो. रक्तातली साखर वाढली की ती डोळ्याच्या भिंगातही वाढते. मागोमाग पाणी शिरते, भिंग फुगते आणि नंबर बदलतो. साखर उतरली की तो पुन्हा सरकतो. चाळिशीनंतर नंबर असा खाली-वर होऊ लागला, तर नव्या फ्रेमआधी रक्त तपासलेले बरे. मधुमेहाची औषधे सुरू झाल्यावरही काही आठवडे थांबूनच चष्मा करावा. निदान त्याचे पैसे तरी वाया जात नाहीत.

हे झाले तात्पुरते. कायमचे नुकसान होते ते पडद्याचे, म्हणजे रेटिनाचे, आणि तेही गुपचूप. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. त्यातून रक्त, पाणी आणि चरबी झिरपते. काही वाहिन्या बंद पडतात. उपाशी राहिलेला पडदा मग नव्या वाहिन्या उगवतो, पण त्या ठिसूळ निघतात आणि कधीतरी फुटून डोळ्यात रक्त उतरते. त्या दिवसापर्यंत त्या माणसाला तक्त्यावरची शेवटची ओळ स्पष्ट वाचता येत असू शकते! कारण ती ओळ वाचायला पडद्याचा मधला इवलासा भागच पुरतो. ‘मला सगळं स्वच्छ दिसतं’ हे म्हणणे खरेच असते. पण त्यावरून पडदा ठीक आहे असे ठरत नाही.

पडदा पाहायचा तर डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, किंवा कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढावा लागतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन बनवले आणि कुठेही चिरा न देता शरीरातल्या रक्तवाहिन्या थेट दिसू लागल्या. म्हणूनच ‘तुम्हाला बीपी आहे का?’ हा प्रश्न काही रुग्णांना पहिल्यांदा डोळ्यांचे डॉक्टर विचारतात. उच्च रक्तदाबाने अरुंद झालेल्या वाहिन्या, क्वचित मूत्रपिंड बिघडल्याच्या खुणाही पडद्यावर सापडतात.

आयसीएमआरच्या पाहणीचे जे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि रक्तदाबाचे रुग्ण ३१ कोटींच्या वर. शहरांत मधुमेहाचे प्रमाण खेड्यांपेक्षा बरेच जास्त. नियम साधा आहे. प्रौढ वयात होणारा, टाइप २ मधुमेह ज्या दिवशी कळला त्याच सुमारास पडद्याची पहिली तपासणी, नंतर दरवर्षी. दोष आढळला तर डॉक्टर सांगतील तशी लवकर. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले, तर पहिल्या तिमाहीतच.

याने फरक पडतो. इंग्लंडमध्ये २००३ पासून मधुमेहींचे पडदे नियमित तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तिथे कामाच्या वयातल्या माणसांच्या अंधत्वाचे पहिले कारण निदान पाच दशके मधुमेहाने होणारा पडद्याचा आजार हेच होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात तो पहिल्या क्रमांकावरून खाली आल्याचे दिसले. साखरेच्या जोडीने रक्तदाबही आवरावा लागतो. १९९८ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात रक्तदाब काटेकोर ठेवलेल्या मधुमेहींमध्ये पडद्याचा आजार वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी भरला. लेझर आणि डोळ्यातली इंजेक्शने आहेत, पण ती मुख्यतः उरलेली नजर राखतात. गेलेली सगळी परत आणतील याची खात्री नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. क्षयाच्या औषधांपैकी इथॅम्ब्युटॉलने काही थोड्या रुग्णांच्या डोळ्याच्या नसेला इजा होते. लाल-हिरव्या रंगातला फरक पुसट होणे ही तिची सुरुवात असू शकते. असे वाटले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मनाने सगळी औषधे बंद करू नयेत.

गोरेगावकरांना जुहूचे पालिकेचे कूपर रुग्णालय फार लांब नाही. अडते ते वेळेवर. थेंब घातल्यावर काही तास जवळचे वाचता येत नाही, उजेड टोचतो, गाडी चालवता येत नाही. रिक्षाचालकाची त्या दिवसाची कमाई बुडते, आणि तपासणी पुढे ढकलण्याचे हे खरे कारण आहे. त्याला निष्काळजी म्हणून मोकळे होणे सोपे असते. त्याने सुट्टीला जोडून दिवस ठरवावा, साखर-बीपीचे कागद बरोबर न्यावेत, घरचे कोणीतरी सोबत घ्यावे. आणि डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आला, तर मात्र सुट्टीची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे.