औषधी शेतीस शासनाचे साह्य : कुपवाड परिसरासाठी काही विचार

आपल्या चूर्ण-काढ्यांस लागणारी द्रव्ये आपण आजही बहुतांशी व्यापाऱ्याकडूनच घेतो. ती कोणत्या जमिनीत वाढली, कोणत्या ऋतूत काढली गेली, ही विचारणा क्वचितच होते. वास्तविक कुपवाडच्या पूर्वेस कवठेमहांकाळ, जत, आटपाडी हा अवर्षणप्रवण पट्टा आहे. तेथील हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत अश्वगंधा व कोरफड यांसारखी पिके अल्प पाण्यावर येऊ शकतात. हळदीविषयी तर सांगावयास नकोच. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकनही लाभले. मग औषधी पिकाकडे शेतकरी का वळत नाही? आमच्या मते त्याचे कारण अनास्था नव्हे, तर भांडवल व खात्रीचे गिऱ्हाईक या दोहोंची उणीव होय.

सफेद मुसळीचा अनुभव अनेकांच्या स्मरणात असेल. रोपे चढ्या भावाने विकणाऱ्यांनी माल परत घेण्याची तोंडी हमी दिली आणि काढणीच्या वेळी त्यांचा पत्ता लागला नाही. त्या पोळलेल्या शेतकऱ्यास केवळ अनुदानाचे नाव सांगून भागणार नाही.

अनुदानाविषयी एक गैरसमज प्रथम दूर करणे अगत्याचे आहे. केंद्र शासनाने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. पुढे राष्ट्रीय आयुष अभियानाच्या औषधी वनस्पती घटकातून निवडक १४० वनस्पतींच्या लागवडीस, वनस्पतीनुसार, खर्चाच्या ३०, ५० वा ७५ टक्के साह्य मिळत असे. हा घटक २०१५-१६ ते २०२०-२१ या काळात राबविला गेला. ती जुनी पत्रके अद्याप हातोहात फिरतात आणि शेतकरी त्यांवर विसंबून हिशेब मांडतो. मंडळाची संवर्धन, विकास व शाश्वत व्यवस्थापन ही केंद्रीय योजना निराळी आहे. तिचा भर वनक्षेत्रातील संवर्धन, दर्जेदार रोपनिर्मिती, संशोधन आणि संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांसारख्या गटांवर आहे. एकट्या शेतकऱ्याने तिच्याकडून लागवडीच्या अनुदानाची अपेक्षा ठेवू नये. पुण्याचे राज्य फलोत्पादन व औषधी वनस्पती मंडळ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील पश्चिम विभागीय सुविधा केंद्र येथे चालू वर्षाची स्थिती विचारून मगच पाऊल टाकावे.

म्हणून औषधी पिकाच्या नावाने नसलेल्या, परंतु त्यास लागू पडणाऱ्या योजना पाहणे अधिक फलदायी ठरते. ठिबक संचासाठी राज्याच्या पूरक साह्यासह लहान व सीमांत शेतकऱ्यास ८० टक्के, इतरांस ७५ टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अर्ज महाडीबीटीवर करावयाचा. शतावरीसारख्या दीर्घ मुदतीच्या पिकास त्याचा मोठा आधार होतो. वाळवण, प्रतवारी व साठवण यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर ७ वर्षे ३ टक्के व्याजसवलत ठेवण्यात आली. तिच्यातील कर्जवाटपाची वाढीव मुदत २०२५-२६ अखेरची असल्याने मुदतवाढीची चौकशी आधी करावी.

खरी अडचण पीककर्जाची आहे. प्रत्येक पिकाचा हेक्टरी कर्जदर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी ठरविते. ज्या पिकाचा दर यादीत नाही, त्यास कर्ज देताना शाखाधिकारी हात आखडता घेतो, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. येथे आपल्यासारख्यांच्या संघटनेने पुढे व्हावे. लागवडीचा खर्च, उत्पन्न आणि आपली वार्षिक गरज यांचे टिपण अग्रणी बँक व जिल्हा मध्यवर्ती बँकेकडे द्यावे. दर निश्चित होण्यापूर्वी, नंतर नव्हे. शेतकऱ्यानेही ई-पीक पाहणीत पीक नोंदविले पाहिजे, अन्यथा सातबाऱ्यावर अश्वगंधा दिसतच नाही.

फार्मसीधारकांस यात स्वतःचाही लाभ आहे. जैविक विविधता कायद्याच्या २०२३ मधील दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना काही सूट दिली. मात्र त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचे मूळस्थान प्रमाणपत्र लागते. हे बाजारातल्या बेनामी पोत्यास मिळणार नाही, ओळखीच्या शेतातील मालास मिळेल. तेव्हा पुढील खरिपापूर्वी प्रत्येक फार्मसीने निदान एका द्रव्याची वर्षभराची गरज किलोत लिहून काढावी, ओलाव्याची मर्यादा व भाव ठरवावा आणि तसे खरेदीपत्र शेतकऱ्यास सहीशिक्क्यानिशी द्यावे. कर्जाच्या प्रकरणास ते जोडता येते.