चित्राखालच्या ओळी

सन १९१३ मध्यें दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस लोकांपुढें आला, तेव्हां चित्रपटास वाचा नव्हती. कथा समजावी म्हणून मधून मधून इंग्रजी, मराठी व हिंदी मजकुराच्या पाट्या पडद्यावर येत. पुढें चित्रपट बोलूं लागला. परंतु पडद्यावरील अक्षरांची गरज मात्र संपली नाहीं. आज घरोघरीं संगणकावर चित्रपट पाहतांना संवादाच्या ओळी चित्राखालीं उमटतात. त्यांस 'सबटायटल' म्हणतात. प्रश्न एवढाच, कीं त्या कोणत्या भाषेंत उमटाव्या?

एकत्र कुटुंबांत हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. आमच्या घरीं रविवारीं सारी मंडळी चित्रपटास बसतात. आजींस ऐकूं कमी येतें. त्यांची सारी भिस्त मराठी ओळींवर. परंतु दर वेळीं प्रथम इंग्रजी ओळी उमटत. कोणी तरी उठून त्या बदली. कधीं कधीं तें कोणाच्या ध्यानांतहि येत नसे. आजी कांहीं म्हणत नसत. सर्व हंसले कीं त्याहि हंसत. एकदां नातीनें विचारलें, "आजी, काय झालं, सांग पाहूं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही हंसलांत ना, म्हणजे गंमतच असणार." आम्ही वरमलों, आणि या यंत्राच्या पोटांत काय चालतें तें शोधावयास बसलों.

चित्रपटाची फाईल मिसळणाच्या डब्यासारखी असते. २००२ सालीं निघालेला 'मात्रोस्का', म्हणजे 'एमकेव्ही', हा असाच एक डबा. त्यांत चित्र, ध्वनि व निरनिराळ्या भाषांतील ओळी वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. कप्प्यावर भाषेची चिठ्ठी असते, आणि 'डिफॉल्ट' ही खूण असते. म्हणजे कोणी न सांगतां हाच कप्पा प्रथम निवडावा. प्लेअर आधीं मालकानें नोंदलेली भाषा पाहतो. नोंद नसल्यास सामान्यतः खूण पाळतो. आम्ही कांहींच नोंदलें नव्हतें. म्हणून दुसऱ्या कोणाची निवड आमच्या घरांत चालत होती.

उपाय सोपा आहे. 'व्हीएलसी' हा प्लेअर पॅरिसमधील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिला व २००१ पासून तो मुक्त परवान्याखालीं सर्वांस मिळतो. संगणकावर त्याच्या 'टूल्स'मधील 'प्रेफरन्सेस' उघडून 'सबटायटल्स' या भागांत जावें. तेथें आवडत्या भाषेच्या चौकटींत रोमन अक्षरांनीं मराठीची संज्ञा 'एम-ए-आर', मग स्वल्पविराम, मग इंग्रजीची 'ई-एन-जी' लिहावी व 'सेव्ह' करावें. प्लेअर बंद करून पुन्हां उघडावा. मराठी ओळी असतील तर त्या येतील, नसतील तर इंग्रजी.

इतकें करूनहि मराठी न उमटल्यास बहुधा कप्प्यावर भाषेची चिठ्ठीच नसते. 'एमकेव्हीटूलनिक्स' या विनामूल्य साधनाच्या 'हेडर एडिटर'मध्यें ती लिहावी, मराठीची डिफॉल्ट खूण 'होय' करावी व इतर ओळींची 'नाहीं'. ही शेवटची पायरी विसरूं नये. कारण अनेक कप्प्यांवर तीच खूण असूं शकते. ओळी क्वचितच दिसत असतील, तर 'फोर्स्ड' कप्पा निवडला गेला असें समजावें; त्यांत केवळ परभाषेंतील संवादांपुरत्या ओळी असतात. ओळींची फाईल निराळी असल्यास ती चित्रपटाच्याच नांवानें, त्याच फोल्डरमध्यें, 'यूटीएफ-८' या संकेतांत ठेवावी. नाहीं तर देवनागरीच्या जागीं भलतींच चिन्हें दिसतात.

या साऱ्यास अर्धा तासहि लागला नाहीं. गेल्या रविवारीं चित्रपट लागला आणि सर्वांच्या आधीं आजी हंसल्या. बोलणाऱ्याचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्यांची ओळ वाचून झाली होती! पंगतींत जो मागत नाहीं, त्याच्या पानाकडे यजमानानें अधिक लक्ष द्यावें, ही आपल्या घरांची जुनी रीत. दिवाणखान्यांतहि ती पाळावयास हवी, एवढेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.