पैनगंगेच्या अलीकडचे आंध

सरकारी याद्या वाचायचा मला जुना नाद आहे. त्यातली १९५६ सालची अनुसूचित जमातींची यादी काही केल्या डोक्यातून जात नाही. आंध, गोंड, कोलाम, परधान अशी नावं ओळीनं दिलेली, आणि वर तालुक्यांची अट. यवतमाळ जिल्ह्यापुरती ही नावं लागू होती फक्त केळापूर, वणी आणि यवतमाळ या तालुक्यांत.

जिल्ह्यात तेव्हा तालुके पाच. दारव्हा आणि पुसद वगळलेले. आणि आंधांची दाट वस्ती नेमकी पुसद, उमरखेड, महागावकडे! पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, जुना निजामी मुलूख. तिथली यादी वेगळी, तिच्यात आंध होते. म्हणजे हदगावकडची लेक पुसदला दिली, तर माहेर आदिवासी आणि सासर बिगर-आदिवासी. सोयरिक दोन्ही काठांवर, सवलत एकाच काठावर. राखीव जागेवर उभं राहायचा पुसदच्या आंधाला हक्कच नव्हता.

१९७६च्या कायद्यानं ही क्षेत्रबंधनं उठवली. अंमल २७ जुलै १९७७पासून. राज्यातली आदिवासींची नोंद १९७१च्या साडेएकोणतीस लाखांवरून १९८१ला पावणेअठ्ठावन्न लाखांच्या घरात गेली. ‘बोगस आदिवासी’ हा वाद या आकड्यांनी पेटवला. घुसखोरी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण इतकी वर्षं नाहक बाहेर ठेवलेले आंधही त्याच वाढीत आहेत, हे कुणी लक्षात घेत नाही.

पुढं १९८५ला अनुसूचित क्षेत्र ठरलं. त्यात मारेगाव, राळेगाव, केळापूर, घाटंजी तालुक्यांतली गावं आली. पुसद पुन्हा बाहेर. १९९६चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातला पंचायत कायदा, याच क्षेत्रावर उभा आहे. त्यामुळं केळापूरकडच्या पेसा गावात सरपंच आदिवासीच, आणि गौण वनोपज, सावकारी यांवर ग्रामसभेचा शब्द. पुसदकडच्या आंधांच्या गावात सरपंचपदाला आरक्षणाची पाळी येईल तेव्हा येईल.

विधानसभेतही तेच. आर्णी आणि राळेगाव राखीव. शिवाजीराव मोघे, वसंत पुरके, अशोक उईके हे मंत्री झालेले आमदार याच पट्ट्यातले. पुसद खुला, त्यानं वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्रिपदी पाठवले. गंमत अशी, की १९७६च्या त्याच कायद्यानं तेलंगणातले लंबाडा, म्हणजे तिकडचे बंजारे, आदिवासी झाले आणि नाईकांचा बंजारा समाज इथं विमुक्तच राहिला. आज बंजारे निजामकालीन हैदराबाद गॅझेटचा दाखला देऊन आदिवासी आरक्षण मागतात आणि आदिवासी संघटना विरोधात उतरतात.

त्या मागणीचा निकाल लागेल तेव्हा लागो. माझ्या मते आधी १९८५ची यादी उघडावी आणि पुसद-महागावची आंधबहुल गावं क्षेत्रात घ्यावीत.  त्यानं गावोगावच्या बिगर-आदिवासी पुढाऱ्यांची सरपंचकी जाते, आणि घोडं तिथंच पेंड खातंय.