कडेवरच्या मुलाचे वजन

1948च्या कारखाना कायद्याच्या चौतिसाव्या कलमाने असे बजावले होते की, इजा होण्याचा संभव असेल इतका जड बोजा कोणाही कामगाराला उचलायला वा वाहायला लावू नये. नियमांनी प्रौढ स्त्रीसाठी ही मर्यादा साधारण 30 किलोंच्या घरात ठेवली. त्याच कायद्याच्या अठ्ठेचाळिसाव्या कलमात पाळणाघराची तरतूद होती. पाळणाघर मुलांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावे, असेही त्यात म्हटले होते. दोन्ही कलमांत अंतर अवघे चौदा कलमांचे. पाळणाघरातील स्त्री दिवसभरात किती वजन उचलते, हा प्रश्न मात्र त्या अंतरात हरवला.

याचे एक कारण उघड आहे. वर्षाचे मूल नऊ-साडेनऊ किलोंचे, तीन वर्षांचे चौदा किलोंच्या आसपास. तीस किलोंच्या मर्यादेला ते कधीच भिडत नाही. पण कायदा एका वेळचा बोजा मोजतो, दिवसाची बेरीज मोजत नाही. शिवाय पोते हातात आल्यावर स्थिर राहते, मूल मात्र हात-पाय झाडते, मागे झुकते, झोपले की एकाएकी जड होते.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाची 25 मुले, एक सेविका आणि एक मदतनीस अशी रचना आहे. वेळ साडेसात तास, महिन्यातून 26 दिवस. यांतील दहा मुले दोन वर्षांखालील आणि सरासरी दहा किलोंची धरली, प्रत्येकाला दिवसातून आठ वेळा उचलावे लागले, तर बेरीज आठ क्विंटल होते. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, पाहणीचा निष्कर्ष नव्हे. तरीही महाराष्ट्राने 1969मध्ये माथाडी कामगारांसाठी आणि केरळने 1978मध्ये डोक्यावरून ओझे वाहणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदे केले, याची आठवण तो करून देतो. हमालाचे श्रम श्रम म्हणून ओळखले गेले. मदतनिसीचे श्रम मात्र मायेच्या खात्यात जमा झाले. ‘घरी नाही का उचलत?’ असे विचारणारे विसरतात की घरी पंचवीस मुले नसतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967च्या कमाल भारविषयक कराराने हलक्या ओझ्यांचा अपवाद सोडून, ओझे वाहण्याचे काम देण्यापूर्वी कामगाराला योग्य पद्धतीचे प्रशिक्षण द्यावे असे सांगितले. पाळणाघरात हे प्रशिक्षण एका दुपारी देता येईल. मूल जमिनीवर असेल तर आधी त्याच्या जवळ जावे, एक पाय किंचित पुढे ठेवून गुडघ्यांत वाकावे, मुलाला छातीशी घ्यावे आणि मग पायांच्या जोरावर उठावे. आपल्याकडील बायकांना उकिडवे बसण्याची सवय असतेच. बिघडते ते घाईत उभ्यानेच ओणवून, हात लांब करून मूल उचलताना. मूल हातात असताना कंबर पिळू नये, पावले वळवावीत. नेहमी एकाच कडेवर घेऊ नये. रडून अंग ताठ केलेल्या मुलाला शक्य तर खाली बसूनच जवळ घ्यावे. चालणाऱ्या मुलाला तर शक्यतो उचलूच नये. हात-तोंड धुण्याच्या जागी दोन पायऱ्यांची लाकडी घोडी ठेवली, तर ते स्वतः चढते, आणि चढायला त्याला आवडतेही.

पण केवळ शिकवून भागणार नाही. लंगोट बदलायला कमरेइतक्या उंचीचा, कडेला कठडा असलेला ओटा नसेल, तर योग्य पद्धत ठाऊक असूनही वाकावेच लागेल. त्यातच धान्याचे 50 किलोंचे पोते आत नेण्याचे काम मदतनिसीवरच पडत असेल, तर तिथे कारखान्यातली मर्यादाही ओलांडली जाते.

सेवेत असताना मी अंगणवाड्यांची तपासणी केली आहे. पत्रकात मुलांच्या वजनाचे रकाने होते, आणि ते मी बारकाईने पाहत असे. मदतनिसीची कंबर दुखते का, हे मी एकदाही विचारले नाही. रकाना नव्हता म्हणून सुचलेही नाही.

एप्रिल 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसींचा उपदानाचा हक्क मान्य केला, तो सेवेच्या अखेरीचा. त्याआधीच्या वर्षांत झालेल्या पाठीच्या दुखापतीचे उपचार आणि रजा यांचा भार अजूनही बहुतांशी तिच्या मानधनावरच पडतो. ‘पाळणा’खाली 17,000 अंगणवाडी-नि-पाळणाघरे उभारण्याचे उद्दिष्ट आहे. त्यांच्या खर्चाच्या तपशिलात सुताराने करावयाच्या ओट्याची आणि घोडीची एक ओळ घालणे आजही शक्य आहे.